चमकलं म्हणजे सापडलं नव्हे: पेशींत धातू शोधताना या चुका टाळा

महापेच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये ठाणे-ऐरोलीकडची एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला येतात. हात चांगले असतात, पण घाई फार. प्रोब, म्हणजे धातू धरला की चमक बदलणारा रंग, चमकला की लगेच पोस्टर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पीएच न बघणं. एका मुलीने रोडामिन स्पायरोलॅक्टमचा प्रोब बनवला होता; याच्या रेणूतलं वलय मिटलेलं असताना तो बिनरंगी, उघडलं की गुलाबी. फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराचे दोन थेंब पडले आणि क्युव्हेटमधलं (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीतलं) बिनरंगी द्रावण गुलाबी झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन महिने आलेख काढण्यात गेले. मग मी एकदा त्यात पीएचपट्टी बुडवली, तर 3! फेरिक क्षार पाण्यात आम्ल सोडतो आणि या प्रोबचं मिटलेलं वलय नुसत्या आम्लानेही उघडतं. लोह न घालता हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर हुबेहूब तोच गुलाबी रंग. पोरगी खुर्चीतच बसून राहिली. खरं तर फेरिक आयन बहुतेक प्रोबची चमक विझवतो, त्यामुळे तो चमक वाढवतोय असं दिसलं तेव्हाच शंका यायला हवी होती. तेव्हापासून माझ्याकडे धातूशिवाय, फक्त आम्लाचा एक क्युव्हेट असतोच. पीएच स्थिर ठेवणारं बफर म्हणजे हेपेस, पीएच 7.4. फॉस्फेट बफरमध्ये बरेच धातू गाळ होऊन तळाशी बसतात.

दुसरी चूक कॅल्शियमची. फ्लुओ-4 एएम हा कॅल्शियमचा प्रोब; एएम म्हणजे पेशीत शिरता यावं म्हणून त्याला जोडलेला एस्टर. तो पेशींवर 37 अंशांवर तासभर ठेवला की रंग पेशीच्या कप्प्यांत शिरतो आणि नुसते ठिपके दिसतात. मी खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवते, सीरम अजिबात घालत नाही, मग धुऊन आणखी अर्धा तास थांबते. पेशीच्या आत हा एस्टर तुटल्याशिवाय प्रोब कॅल्शियम धरतच नाही. हा दुसरा अर्धा तास वाचवणारे नंतर आठवडा घालवतात. आणि जास्त उजळ पेशी म्हणजे जास्त कॅल्शियम, असं फ्लुओ-4 वरून ठरवू नका, तिथे रंगच जास्त शिरलेला असू शकतो. त्यासाठी 1985 पासून फ्युरा-2 हा प्रोब आहे. 340 आणि 380 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळवल्यावर मिळणाऱ्या चमकेच्या गुणोत्तरात रंगाचं कमी-जास्त प्रमाण वजा होतं.

प्रोब ज्यात विरघळवून ठेवतात तो डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो. जुलैत स्टॉकची बाटली उघडी ठेवू नका, छोटे भाग करून गोठवा.

फिनॉल रेड (पीएच दाखवणारा लाल रंग) असलेल्या पेशींच्या माध्यमात फोटो काढू नका.

जस्ताचा प्रोब असेल तर शेवटी टीपीईएन टाका. तो जस्त ओढून घेतो, म्हणून चमक उतरायला हवी. तो फोटो आणल्याशिवाय मी कुणाचा आलेख बघत नाही.