पेल्व्हिसच्या रक्तवाहिन्या आणि नर्व्ह: डिसेक्शन टेबलावर आणि व्हायवात या चुका टाळा

पेल्व्हिसचं (कटिभागाचं) डिसेक्शन अडतं ते बहुतेक वेळा इंटर्नल इलियाक आर्टरीपाशी. ही आर्टरी जेमतेम 4 सेंटिमीटर लांब. सॅक्रोइलियाक सांध्यासमोर सुरू होते आणि ग्रेटर सायॅटिक फोरामेनच्या वरच्या कडेपाशी अँटीरियर व पोस्टीरियर अशी दुभागते. त्यापुढे फांद्या कुठल्या क्रमाने फुटतील याचा नेम नसतो. तरी विद्यार्थी पुस्तकातली आकृती शेजारी ठेवतात आणि वरून पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत नावं देत जातात. इथेच सगळं बिघडतं.

फांदी ओळखायची ती उगमावरून नाही, शेवटावरून. हेमिपेल्विसवर (मधोमध कापलेल्या अर्ध्या पेल्व्हिसवर) आधी ऑब्ट्युरेटर नर्व्ह शोधा. सोआस स्नायूच्या आतल्या कडेखालून निघून ती बाजूच्या भिंतीवरून सरळ ऑब्ट्युरेटर कॅनालकडे जाते, आणि ती सहसा चुकत नाही. तिच्या खाली त्याच नावाची आर्टरी, तिच्याखाली व्हेन. आता आर्टरी मागे मागे सोडवत न्या, मूळ आपोआप सापडेल. साधारण 20 ते 30 टक्के वेळा ती इंटर्नल इलियाककडे जातच नाही. प्युबिक हाडाच्या वरच्या रॅमसवरून चढून इन्फीरियर एपिगॅस्ट्रिकला मिळते. असं दिसलं तर 'आमची आर्टरी तुटली' म्हणून सोडून देऊ नका. फीमोरल हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये लॅक्युनर लिगामेंट कापताना हीच वाहिनी रक्तस्राव घडवते, आणि परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे.

दुसरी खूण म्हणजे बुजलेली अंबिलिकल आर्टरी. पोटाच्या पुढच्या भिंतीवर मीडियल अंबिलिकल फोल्डमधली दोरी धरा आणि तिच्यावरून मागे या. तिचा जो भाग अजून उघडा असतो त्यातून मूत्राशयाकडे जाते ती सुपीरियर व्हेसिकल. पोस्टीरियर डिव्हिजनच्या फांद्या तीनच: इलिओलंबर, लॅटरल सेक्रल आणि सुपीरियर ग्लुटियल. सुपीरियर ग्लुटियल सगळ्यांत जाड असते. लंबोसेक्रल ट्रंक आणि एस1 (पहिली सेक्रल नर्व्ह) यांच्या मधून मागे जाऊन ती पिरिफॉर्मिस स्नायूच्या वरून बाहेर पडते. इन्फीरियर ग्लुटियल एस1-एस2 किंवा एस2-एस3 यांच्या मधून जाते आणि पिरिफॉर्मिसच्या खालून निघते. म्हणजे पिरिफॉर्मिस साफ केल्याशिवाय या दोघींना नाव देण्यात अर्थ नाही.

फांद्यांच्या यादीत घुसणाऱ्या तीन पाहुण्याही ओळखून ठेवा. सुपीरियर रेक्टल इन्फीरियर मेसेंटेरिकचं पुढचं टोक आहे. ओव्हेरियन आणि मीडियन सेक्रल या दोन्ही थेट एओर्टाच्या. इंटर्नल इलियाकशी तिघींचाही संबंध नाही.

युरेटर सापडत नाही

पेरिटोनियम (पोटाच्या आतला पडदा) सोलताना युरेटर (मूत्रवाहिनी) त्यालाच चिकटून वर येतो. मग विद्यार्थी तो भिंतीवर शोधत बसतात. सोललेला पडदा उलटा करून बघा. 'पुलाखालून पाणी' (पूल म्हणजे युटेराइन आर्टरी, पाणी म्हणजे युरेटर) हे सगळ्यांना पाठ असतं, पण पूल नेमका कुठे हे विचारलं की गाडी थांबते. युटेराइन आर्टरी युरेटरला ओलांडते ती सर्व्हिक्सच्या बाजूला साधारण 1.5 ते 2 सेंटिमीटरवर. हिस्टरेक्टॉमीत (गर्भाशय काढताना) धोक्याची जागा ही एकच नाही. पेल्व्हिक ब्रिमवर ओव्हेरियन वाहिन्या बांधतानाही युरेटर हाताशीच असतो. पुरुषात युरेटरला वरून ओलांडणारी रचना म्हणजे व्हास डेफरन्स.

नर्व्हचे घोटाळे

सेक्रल प्लेक्सस पिरिफॉर्मिसवर, पेल्व्हिक फॅसियाच्या मागे असतो. इंटर्नल इलियाकच्या वाहिन्या फॅसियाच्या पुढे. आर्टरी साफ करण्याआधीच खोल चिमटा घातला की दोन्ही थर एक होतात आणि काहीच धड उरत नाही. आधी वाहिन्या, मग फॅसिया, मग नर्व्ह. सॅक्रमवर सिंपथेटिक ट्रंक फोरामिनांच्या आतल्या बाजूला, तर व्हेंट्रल रॅमाय फोरामिनांतूनच बाहेर येतात. पेल्व्हिक स्प्लँक्निक नर्व्ह एस2 ते एस4 च्या रॅमायमधून निघतात आणि पॅरासिंपथेटिक असतात. सेक्रल स्प्लँक्निक ट्रंकमधून निघतात, त्या सिंपथेटिक. नावातल्या साम्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. या तंतूंची जाडी फार नसते, त्यामुळे रेक्टम जोरात ओढला की ते मुळाशीच तुटतात.

प्युडेंडल नर्व्हचा मार्ग एका दमात सांगता आला पाहिजे: ग्रेटर सायॅटिक फोरामेनमधून बाहेर, इस्कियल स्पाइनपाशी सॅक्रोस्पायनस लिगामेंटच्या मागून वळसा, लेसर सायॅटिक फोरामेनमधून पेरिनियममध्ये, आणि तिथे ऑब्ट्युरेटर फॅसियातल्या प्युडेंडल कॅनालमध्ये. स्पाइनपाशी आतून बाहेर क्रम असा: प्युडेंडल नर्व्ह, इंटर्नल प्युडेंडल वाहिन्या, नर्व्ह टू ऑब्ट्युरेटर इंटर्नस. वाहिन्या इतक्या जवळ असल्यामुळे प्युडेंडल ब्लॉक (ही नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन) देताना औषध सोडण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावंच लागतं.

ब्लॉक नीट बसूनही प्रसूतीच्या कळा थांबल्या नाहीत, तर चूक हाताची नाही. गर्भाशयाच्या कळांचे तंतू सिंपथेटिकबरोबर स्पायनल कॉर्डच्या टी10 ते एल1 या भागांकडे जातात. लेबियाच्या पुढच्या भागाला इलिओइंग्वायनल आणि जेनिटोफीमोरल पुरवठा करतात, म्हणून तिथेही संवेदना उरते.

शिरा आणि बांधणी

डिसेक्शनमध्ये लहान शिरा बेलाशक काढा, मुख्य इंटर्नल इलियाक व्हेन ठेवा. ऑपरेशनमध्ये मात्र तीच घात करते, कारण ती आर्टरीच्या मागे-आत लपलेली असते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात इंटर्नल इलियाक बांधताना राइट अँगल क्लॅम्प बाहेरून आत घालतात, त्यामुळे त्याचं टोक बाहेरच्या बाजूच्या एक्स्टर्नल इलियाक व्हेनमध्ये घुसत नाही. गाठ पोस्टीरियर डिव्हिजन फुटल्यानंतर, तिच्या पुढे घ्यायची. आणि धागा आवळण्याआधी त्याच बाजूच्या मांडीतली फीमोरल नाडी हाताला लागते का, हे सहकाऱ्याकडून तपासून घ्यायचं. नाडी गेली, तर धाग्यात एक्स्टर्नल किंवा कॉमन इलियाक आली आहे.