साडी इन्स्टावर टाकण्याआधी

जर्मनीत, स्टुटगार्टला येऊन मला अकरा वर्षं झाली. दर दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी नवीन विचारतंच, "ताई, इन्स्टावर साड्या विकल्या तर चालेल ना?"

चालेल. पण आधी आपलं निवासकार्ड वाचा. त्यावर 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एरलाउब्ट' (कामधंद्याची परवानगी) लिहिलेलं असेल, तर धंदा करता येतो. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना बहुधा हे मिळतं. ब्लू कार्डवाल्यांनी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांनी, मात्र आउसलेंडरबेहर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) विचारल्याशिवाय हात घालू नये. मग गेवेर्बेची, म्हणजे व्यवसायाची नोंदणी.

इथे धास्ती सरकारी साहेबाची नसते, वकिलाच्या पत्राची असते. त्याला आबमानुंग म्हणतात. तुमच्यासारखाच माल विकणारा कुणीही नियमावर बोट ठेवून ते धाडू शकतो, वर काही वेळा वकिलाची फीही तुमच्याकडूनच मागतो. मला आलं ते 'आर्ट सिल्क पैठणी' या तीन शब्दांपायी. आर्ट सिल्क म्हणजे नकली रेशीम, आपल्याकडे दुकानोदुकानी चालणारा शब्द! युरोपच्या नियमात सिल्क म्हणजे किड्याचं रेशीमच. पॉलिएस्टर असेल तर पॉलिएस्टर लिहायचं, टक्क्यांसकट आणि जर्मनमध्ये. 'पुन्हा असं करणार नाही' अशा सोबतच्या हमीपत्रावर मी घाबरून सही करणारच होते, शेजारणीने हात धरला. ती सही जन्माची असते. पुढे तीच चूक झाली की प्रत्येक वेळी दंड. पत्रातली मुदत चुकवू नका, पण आपल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सहीही नको.

इम्प्रेसुम, म्हणजे पूर्ण नाव, पत्ता, ईमेल, इन्स्टाच्या पानावरही लागतं. पोस्टबॉक्स चालत नाही. घरचा पत्ता असा चव्हाट्यावर मांडणं जिवावर येतं, मलाही आलं.

माल मिळाल्यापासून 14 दिवस गिऱ्हाईक कारण न देता परत करू शकतं. हा हक्क तुम्ही सांगितलाच नाही, तर मुदत आणखी 12 महिने लांबते. मापाने शिवून दिलेला ब्लाउज यातून सुटतो.

पार्सलच्या खोक्यासाठी 'लुसिड'मध्ये, म्हणजे पॅकिंगच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी हवी, वर्षाला पाच खोकी पाठवलीत तरी. मंडळाच्या यादीतून ईमेल उचलून जाहिराती धाडू नका, आधी संमती. आणि सूट दाखवताना खोडलेली किंमत मागच्या 30 दिवसांतली सगळ्यात कमी हवी, मनाने फुगवलेली नाही.

राहिली बॅग. विमानाने येताना कस्टम्सची 430 युरोपर्यंतची करसूट स्वतःच्या किंवा भेटीच्या वस्तूंना आहे, विकायच्या मालाला नाही. आईने भरून दिलेल्या दहा साड्या विकायच्या असतील, तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल रांगेतूनच (माल जाहीर करणाऱ्यांची रांग) बाहेर पडा, खरेदीच्या पावत्या हातात ठेवून.