मॅक कलमातली तारीख: या चुका टाळा

‘मटेरियल ॲडव्हर्स चेंज’, म्हणजे मॅक: कंपनीत मोठा प्रतिकूल बदल झाला तर बँकेला किंवा खरेदीदाराला मागे हटू देणारं करारातलं कलम. या कलमातल्या ‘मटेरियल’ शब्दावर दोन्हीकडचे वकील तासन्‌तास भांडतात. मोठा बदल ‘कधीपासून’ मोजायचा, ही ओळ मात्र जुन्या मसुद्यातून जशीच्या तशी उचललेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सरकती तारीख. कर्ज करारात सर्रास लिहिलेलं असतं: ‘बँकेला दिलेल्या शेवटच्या वित्तीय पत्रकांच्या तारखेपासून मोठा प्रतिकूल बदल झालेला नाही.’ सही होते त्या दिवशी ‘शेवटची’ म्हणजे 31 डिसेंबरची ऑडिट झालेली पत्रकं, म्हणून कुणाला काही खटकत नाही. पण कर्जाचा पुढचा हप्ता उचलताना हीच हमी पुन्हा दिली असं धरलं जातं, आणि तोवर नव्या तिमाहीचे आकडे बँकेत पोचलेले असतात. नफा दर तिमाहीला 8 टक्क्यांनी घसरतोय असं समजा. 100 चे 92, मग 84.6, 77.9, वर्षाअखेरीस 71.6. वर्षात 28 टक्के गेले, पण कराराप्रमाणे तुलना फक्त मागच्या तिमाहीशी, आणि 8 टक्क्यांना मोठा बदल कोण म्हणणार? बँकेच्या बाजूने असाल तर ‘मूळ पत्रकं’ अशी व्याख्या करा आणि तीत तारीख अंकात लिहा. कर्जदाराला सरकती तारीखच सोयीची, तो ती मागणारच. तडजोड करायचीच झाली तर तारीख फक्त वार्षिक ऑडिट झालेल्या पत्रकांनी पुढे सरकावी, तिमाही आकड्यांनी नाही.

दुसरी चूक कंपनी-खरेदीतली. ताळेबंद 31 डिसेंबरचा, ऑडिटरची सही मार्चमध्ये, करार एप्रिलअखेर. मार्चची सही पाहून ताळेबंद मार्चचा समजणारे कमी नाहीत. करारात फक्त ‘सहीपासून व्यवहार पूर्ण होईपर्यंत’ एवढंच असेल, तर जानेवारी ते एप्रिल हे चार महिने कुणाच्याच हमीत येत नाहीत. दोन वाक्यं लागतात: ताळेबंदापासून सहीपर्यंतची हमी, आणि सहीपासून पूर्ततेपर्यंतची अट. विक्रेत्याने त्या चार महिन्यांत गमावलेला मोठा ग्राहक प्रकटीकरणाच्या यादीत, म्हणजे हमीला असलेले अपवाद नोंदवणाऱ्या परिशिष्टात, नावानिशी लिहावा. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला पुढे कुणी विचारत नाही.

तुलना कशाशी, हेही बघा. सणासुदीच्या तिमाहीनंतरचा आकडा पडणारच. एकॉर्न (विकली जाणारी अमेरिकन औषध कंपनी) विरुद्ध फ्रेझेनियस (खरेदीदार) खटल्यात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने प्रत्येक तिमाही आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहिली. 2017 या पूर्ण वर्षात एकॉर्नचा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) 55 टक्क्यांनी कमी झाला होता आणि घसरण थांबण्याचं चिन्ह नव्हतं. 2018 मध्ये निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. एका वाईट तिमाहीवर मॅक पुकारायला निघालेल्या उतावळ्यांनी तो निकाल आधी वाचावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. ऑडिट न झालेल्या अंतरिम आकड्यांना पाया धरलात, तर वर्षाअखेरच्या समायोजनांची सूट लिहा. उपकंपन्यांसह एकत्रित पत्रकं की एकट्या कंपनीची, हे व्याख्येतच ठरवा. संपूर्ण उद्योगावर आलेल्या संकटाची सूट देताना ‘इतरांपेक्षा जास्त फटका बसला नसेल तर’ हे शब्द गाळू नका. आणि सहीच्या आदल्या रात्री नवी पत्रकं आली, तर फक्त परिशिष्ट बदलून झोपू नका. व्याख्येतली तारीखही बदला.