गाडीच्या लेदर सीटचा उतरलेला रंग परत आणताना

सीटचा रंग उडाला असे वाटते तेव्हा बऱ्याचदा तो जागेवरच असतो; घाम, अंगाचे तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसून तो काळवंडलेला असतो. म्हणून रंगाची बाटली मागवण्याआधी एक साधी परीक्षा करावी. हेडरेस्ट वर खेचून काढावे आणि त्याची मागची बाजू, जिथे कधीच कोणाचे डोके टेकत नाही, चालकाच्या सीटला लावून पाहावी. माझ्या बारा वर्षे वापरलेल्या गाडीत ही तुलना केली तेव्हा, ज्याला मी मातकट तपकिरी समजत होतो तो रंग मुळात सायीसारखा फिकट असल्याचे लक्षात आले. वीतभर जागा ओल्या फडक्याने चार वेळा पुसली, तर फडके चहाच्या चोथ्यासारखे झाले आणि खालून जुना रंग डोकावू लागला. सीटचा तीन चतुर्थांश भाग त्या दिवशी नुसत्या सफाईनेच पूर्ववत झाला आणि रंग लावावा लागला तो फक्त दरवाजाकडच्या उंच कडेला, जिथे गाडीत चढता-उतरताना रोज मांडी घासते.

त्यानंतर सीट कशाची आहे ते पाहावे. लेदर म्हणून विकल्या गेलेल्या अनेक सीटमध्ये बसण्याची जागा तेवढी कातड्याची असते आणि बाजू व पाठ रेक्झिनच्या असतात. काही सीट तर संपूर्ण कृत्रिमच असतात. सीटच्या तळाशी जिथे कापाची कडा दिसते, तिथे बोटाने चाचपावे. कातड्याची आतली बाजू तंतुमय आणि लवदार लागते, रेक्झिनच्या मागे विणलेले कापड असते. रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर त्यावर कोणताही रंग टिकत नाही आणि तेवढा भाग नव्याने शिवून घेणे हाच उपाय राहतो. सीट कातड्याची असेल, तर त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब तसाच राहिला, तर कातड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक लेपाचा पातळ थर आहे असे समजावे. मोटारींत बहुतेक असेच कातडे वापरतात आणि पुढची सगळी कृती त्याच्यासाठीच आहे. थेंब मुरून डाग गडद झाला, तर ते लेप नसलेले कातडे असते आणि ते जाणकाराकडेच सोपवावे.

हा थर लक्षात घेतला, की खोबरेल तेलाचा घरगुती उपाय इथे का चालत नाही तेही समजते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कोल्हापुरी चपलेचे कातडे तेल पिते आणि मऊ होते, पण सीटवरच्या लेपातून तेल आत फारसे जातच नाही. ते वर राहून दोन दिवस चमकते, मग धूळ धरते आणि पुढे रंग लावायचा झाल्यास त्याला पकड मिळू देत नाही. डॅशबोर्डवर मारायच्या चकचकीत सिलिकॉन पॉलिशचेही तसेच आहे. एका दुकानात माझ्या सीटवर न विचारता ते फासले गेले होते आणि त्या भागावरचा नवा रंग महिन्याभरात सालीसारखा निघून आला.

सफाईसाठी कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, कारण कातडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि अल्कधर्मी साबणाने ते हळूहळू कोरडे पडून तडकते. लेदरसाठी मिळणारा सौम्य क्लीनर ब्रशवर घ्यावा, सीटवर थेट फवारू नये. मऊ केसांच्या ब्रशने फेस काढत एका वेळी फूटभर जागाच घासावी आणि फेस वाळण्याआधी मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावी. शिवणीत साठलेली घाण दातांच्या जुन्या मऊ ब्रशने निघते. छिद्रांच्या सीटवर क्लीनर अगदी बेताने वापरावा, नाहीतर तो खाली फोममध्ये उतरतो. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल, तर ती जागा भिजवू नये आणि तिथल्या शिवणीवर भराव किंवा रंगाचा जाड थर देऊ नये, कारण अपघाताच्या वेळी एअरबॅग तीच शिवण फाडून बाहेर येते. नव्या गडद जीन्सची निळसर छटा ताजी असेल तर सफाईतच जाते. जुनी असेल तर ती लेपात मुरलेली असते आणि रंगाखाली झाकावी लागते.

रंग द्यायचा ठरला, तर तो लेदरचा पाण्यात मिसळणाराच घ्यावा. बुटांचे पॉलिश कधीही नको, कारण ते कपड्यांना लागत राहते. जुळवणी स्वच्छ केलेल्या, उन्हापासून लपलेल्या जागेशी आणि दिवसाच्या उजेडात करावी, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा अंगणात वेगळी दिसते. रंग वाळल्यावर छटा बदलते, म्हणून सीटखालच्या कडेवर बोटभर लावून तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे आणि मगच निर्णय घ्यावा. या जुळवणीत अख्खी दुपार गेली तरी ती वाया गेली असे मानू नये.

रंगवायच्या भागावर अर्धे पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे फडके फिरवून उरलेले तेल काढून टाकावे. या द्रवाने मूळ लेपही सैल होतो, म्हणून रंग न द्यायच्या जागी तो लागू देऊ नये; रोज हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही सीटचे हेच नुकसान होते. खरखरीत जागा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावी. बारीक भेगांत लेदरची लवचिक लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) पातळ भरावी, वाळल्यावर 1000 नंबरने सपाट करावी आणि गरज पडल्यास पुन्हा भरावी.

रंग स्पंजच्या तुकड्यावर थोडाच घेऊन टिपत टिपत लावावा. पहिला हात दिल्यावर सीट आधीपेक्षा वाईट, पट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि तिथेच जाड थर देण्याचा मोह होतो, तो टाळावा. चार-पाच पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवत वाळवावा आणि सुरकुत्यांच्या जागी एका तळव्याने कातडे ताणून धरून रंग आत पोहोचवावा, नाहीतर कोणी बसताच सुरकुती उलगडून जुना रंग दिसतो. ताण सोडण्याआधी तेवढी जागा वाळलेली असावी. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण मास्किंग टेपने झाकून कडेचे काम बारीक ब्रशने करावे.

शेवटी पारदर्शक लेपाचे दोन-तीन हात द्यावेत. रंग टिकतो तो या लेपामुळे, त्यामुळे रोज घासल्या जाणाऱ्या कडेला एक हात जास्त द्यावा. चकाकी मंद असलेलाच लेप निवडावा, कारण नव्या गाडीतले लेदर सहसा चमकत नाही आणि चकचकीत सीट लगेच रंगवलेली वाटते. चोवीस तास सीटवर बसू नये आणि पहिले तीन-चार दिवस ओले फडके किंवा गडद जीन्स तिला लागू देऊ नये. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, हे काम काढू नये, कारण थर आतून ओले राहतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा आणि सावलीतली गाडी उत्तम.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी सौम्य क्लीनरने पुसावे आणि गाडी उन्हात लावताना बाजूच्या काचाही झाकाव्यात, कारण पुढच्या काचेतला थर बहुतेक अतिनील किरणे अडवतो, बाजूच्या साध्या काचांतून मात्र ती बऱ्याच प्रमाणात आत येतात. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून, त्यावर मिश्रणाचे प्रमाण आणि तारीख लिहून, घरात थंड जागी ठेवावा. वर्ष-दीड वर्षाने चालकाच्या सीटची कड पुन्हा पांढुरकी होऊ लागते आणि तेव्हा रुपयाएवढा स्पंज, रंगाचे दोन पातळ हात आणि वर लेपाचा एक हात एवढ्यावर भागते.