झोळी कोणाच्या नावावर?

मेळघाटात कामाला लागलो तेव्हा हातात समाजकार्याची एमएसडब्ल्यू पदवी होती आणि कुपोषणाबद्दल वाचायचं काही शिल्लक नाही असा समज होता. पहिल्याच महिन्यात एका अंगणवाडीत वीसेक मुलांची वजनं घेतली. टांगता काटा, त्याला कापडी झोळी, झोळीत भोकाड पसरलेलं पोर. सगळ्यांची वजनं मागच्या महिन्यापेक्षा वाढलेली! मी खूश. अंगणवाडीताईंनी रजिस्टर पाहिलं, मग काटा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "सर, झोळी कोणाच्या नावावर चढवली?"

रिकामी झोळी टांगून काटा आधी शून्यावर आणायचा असतो. मी तो आणलाच नव्हता. सरकारी जेवण लागो न लागो, माझी झोळी मात्र प्रत्येक पोराच्या अंगाला लागली होती. मुलं परत बोलवायला निघालो तोवर निम्म्या आया शेतावर गेल्या होत्या.

या क्षेत्रात येऊ पाहणारे मला फोन करून विचारतात, तिकडे राहायला जमेल का, साप असतात का, रेंज असते का. (इथल्याच हरिसालला सरकारने 2016 साली डिजिटल गाव केलं. तिथून दोन वळणं पुढे गेलात की फोन खिशात ठेवा.) हे सगळं अंगवळणी पडतं. मोजणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित. मोजायची पट्टी रंगीत असते, लाल म्हणजे तीव्र कुपोषित. ती जरा जास्त ओढली की पिवळ्यातलं पोर लाल पट्ट्यात जातं, सैल सोडली की लाल पोर सुटतं. आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघायला विसरू नका. खड्डा पडून तसाच राहिला तर ती सूज, आणि सूजेचं पाणी काट्यावर वजन म्हणून भरतं. असं मूल रजिस्टरमध्ये धडधाकट दिसू शकतं.

दुसरी चूक काट्याची नव्हती. दीड वर्षाची एक मुलगी, दंड 11.2. मी तिच्या आईला पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल सांगितलं: चौदा दिवस राहायचं, उपचार फुकट, जेवण फुकट, शिवाय बुडीत मजुरीही मिळते. ती ऐकत राहिली आणि मान हलवून नाही म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. शेवटी वैतागून माझ्या डायरीत 'पालक उदासीन' असं लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

चौथ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, सोबत आल्या आणि तिच्याशी कोरकूत, इथल्या आदिवासींच्या भाषेत, बोलल्या. नवरा मजुरीला बाहेर, घरी आणखी दोन पोरं, त्यांना रांधून घालणारं कोणी नाही. बुडीत मजुरी खात्यात येणार, ती काढायला तालुक्याच्या गावी धारणीला जाण्यात आणखी एक दिवस मोडणार. फुकट उपचार तिला असा महागात पडत होता. हा हिशेब तिने पहिल्याच दिवशी केला होता, फक्त मला हिंदीतून सांगायचा कंटाळा केला. मुलीला भूक होती, ताप किंवा सूज नव्हती, म्हणून गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात तिचं जेवण आणि औषध सुरू झालं. आईने एकही दिवस चुकवला नाही.

तेव्हा आधी कोरकू शिकायला बसा. ती मुंडा कुळातली भाषा आहे, मराठी-हिंदीच्या आधारावर अंदाज चालत नाही. कोरो म्हणजे माणूस, त्याला 'कू' लावलं की माणसं. मला दोन वर्षांत मोडकीतोडकीच आली, पण भुमकाच्या, म्हणजे गावच्या वैदूच्या, ओसरीवर बसण्यापुरती पुरली. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पहिल्यांदा तसं पोट पाहिलं तेव्हा मी भुमकावर ओरडलो. त्यानंतर दोन महिने त्या पाड्यात मला कोणी बाळ दाखवलं नाही.

काम टिकतं ते गावातल्या बाईमुळे. जामखेडला 1970 साली काम सुरू केलेल्या आरोळे दांपत्याने निरक्षर, बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने 39 गावांत बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभर आशा बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. तुम्ही दोनतीन वर्षांनी निघाल, आशाताई तिथेच असतील. त्यांच्या वरचे साहेब म्हणून वावरू नका.

पगाराचं मुलाखतीतच विचारा, लाजू नका. पैसा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, येतो की परदेशी देणगीतून, आणि किती महिन्यांचा मंजूर आहे? परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, त्यात छोट्या संस्थांचे हाल झाले. माझा स्वतःचा पगार एकदा तीन महिने थकला होता, आणि गावात मी लोकांना बचतगटाचं महत्त्व सांगत होतो.

आणि रजेचं आधी ठरवा. दिवाळीनंतर बरीच घरं मजुरीसाठी घाटाखाली उतरतात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात. 11.2 दंडाची ती मुलगीही गेली, उपचार अर्धवट राहिले. होळीला मात्र सगळे परततात. पहिल्या वर्षी मी नेमका तेव्हाच घरी पुरणपोळी खायला गेलो. परत आलो तोवर ती माणसं पुन्हा कामावर गेली होती, आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे आशाताईंनी घेतलेला दंड होता: 11.9.