अटीतटीच्या फेरीचे गुण मोजताना या चुका टाळा

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २९ जुलै २०२१ रोजी बॉक्सिंगच्या ५१ किलो वजनी गटात मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशा विभागलेल्या कौलाने हरली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी कळवळून विचारले की, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकलेली खेळाडू हरते कशी? या प्रश्नामागची समजूत चुकीची आहे आणि सर्वाधिक वाद याच समजुतीतून उद्भवतात.

ऑलिम्पिकमध्ये पाच पंच गुण देतात. प्रत्येक पंच फेरीत सरस ठरलेल्या खेळाडूला १० आणि दुसऱ्या खेळाडूला सहसा ९ गुण देतो. तिन्ही फेऱ्यांची बेरीज मात्र प्रत्येक पंचाची स्वतंत्र होते आणि त्या बेरजेत जी पुढे असेल तिला त्या पंचाचे मत मिळते. ‘फेरी कोणी जिंकली’ हा आकडा निकालात कोठेच धरला जात नाही. मेरीची पहिली फेरी १-४ अशी गेली आणि पुढच्या दोन तिने ३-२ अशा घेतल्या. म्हणजे पाच पंचांच्या एकूण १५ कौलांपैकी ७ तिच्या वाट्याला आले आणि ८ व्हॅलेन्सियाच्या. सगळ्या फेऱ्या १०-९ अशाच धरल्या, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मेरीला कौल देणारे तिघे पंच तेच असते तर ती जिंकली असती. ते तिघे तेच नव्हते, एवढ्यावर सामना गेला. निकालाचे दुःख मलाही झाले, परंतु हिशेबात खोट नव्हती.

दुसरी चूक डोळ्यांची आहे. फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात झालेली ठोशांची बरसात आधीची अडीच मिनिटे पुसून टाकते. ६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासमध्ये, तीन पंचांच्या आणि बारा फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतीत, अमेरिकन बॉक्सर शुगर रे लिओनार्डने मार्व्हिन हॅग्लरविरुद्ध हेच हत्यार वापरले. फेरी संपत आली की तो वेगवान ठोशांची सरबत्ती करी आणि प्रेक्षक उसळत. एका पंचाने ११५-११३ असे हॅग्लरला दिले, दुसऱ्याने तेच आकडे लिओनार्डच्या बाजूने दिले, तर तिसऱ्याने लिओनार्डला ११८-११० असे, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या दिल्या. दोन्ही बाजूंचे ११५-११३ मला समजू शकते. ११८-११० मात्र मला आजही पटत नाही. तरीही रुंद फरक दिसला की लगेच पंचावर बेइमानीचा आरोप करणे हीही चूकच आहे, कारण केसभर फरकाने घेतलेली फेरी आणि निर्विवाद घेतलेली फेरी या दोन्ही कागदावर १०-९ अशाच उतरतात.

पुढे चालत राहणारा बॉक्सर आक्रमक दिसतो, परंतु आक्रमण परिणामकारक असेल तरच त्याला मोल आहे. ठोसा बंद मुठीच्या सांध्यांनी, डोक्याच्या किंवा धडाच्या पुढच्या अथवा बाजूच्या भागावर बसला पाहिजे. बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेल्या हातमोज्यांवर आदळलेल्या हुकचा, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाचा, आवाज मोठा येतो, गुण मात्र मिळत नाही. अशा वेळी मारणाऱ्याच्या हाताकडे न पाहता मार खाणाऱ्याच्या मानेकडे पाहावे. मान झटका खाऊन मागे गेली की ठोसा लागला. हातमोजेच तेवढे थरथरले तर तो अडवला गेला. समालोचनाचा आवाज बंद ठेवल्यास हे अधिक स्वच्छ दिसते, असा माझा अनुभव आहे. मागची फेरी संशयास्पद दिली म्हणून पुढची दुसऱ्याला देऊन भरपाई करणे तर पूर्णपणे टाळावे.

एवढे करूनही मतभेद उरतातच, आणि त्यासाठी मी वहीत एक साधी पद्धत ठेवली आहे. घंटा वाजताच, पुढची फेरी सुरू होण्याआधी, गुण पेनाने लिहायचे आणि जी फेरी कोणालाही देता आली असती तिच्यापुढे टिंब ठेवायचे. समजा बारा फेऱ्यांत एकाच्या पाच आणि दुसऱ्याच्या तीन स्पष्ट आहेत व चार टिंबाच्या आहेत. टिंबाच्या चारही फेऱ्या पहिल्याला दिल्या तर ११७-१११ असा त्याचा विजय होतो आणि चारही दुसऱ्याला दिल्या तर ११५-११३ असा दुसऱ्याचा. या दोन टोकांच्या मध्ये येणारा कोणताही निकाल मान्य करावा, मग आपला लाडका बॉक्सर हरला तरी. मित्राशी वाद झाल्यास केवळ टिंबाच्या फेऱ्या पुन्हा पाहाव्यात, संपूर्ण सामना नव्हे.

सगळी टिंबे हरणाऱ्याविरुद्ध मोजूनही तोच पुढे राहत असेल, तर मात्र तक्रार खरी आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले आणि यजमान देशाच्या पार्क सी-हुनने ३२, असे मोजणीत दिसले. तरीही निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूने लागला. त्या लढतीत टिंब ठेवावे अशी एकही फेरी मला सापडत नाही.