माळावर कामाला येणाऱ्यांसाठी

समाजकार्य किंवा पर्यावरण शिकून गावांच्या वनसंवर्धनात उतरायचं असेल आणि वाट्याला सोलापूर जिल्हा आला, तर डोक्यातलं घनदाट जंगल आधी बाजूला ठेवा. आपलं रान म्हणजे माळ. पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत, मधूनच हिवर, बोर, बाभूळ. त्याला पडीक समजून खड्डे खणायचा आणि झाडं लावायचा उत्साह भल्याभल्यांना येतो. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं; त्या पक्ष्याला मोकळं गवतच लागतं, मेंढरालाही तेच. म्हणून रोपवाटपाने सुरुवात करू नका, ही कळकळीची विनंती.

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करा. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण बिगर-आदिवासी दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलाशी असलेला संबंध दाखवावा लागतो. ज्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबतचा फिरता मुक्काम, पाऊसकाळ सरला की हलतो, त्यांनी कागद कुठून आणायचे? इथे नियम मदतीला येतात. ज्येष्ठांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. सामूहिक दाव्यात जुनी चराईची रानं, देवाची झाडं, राई, तळी आणि दफनभूमीसुद्धा धरतात.

बिरोबाच्या ठाण्याभोवतीच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे धनगराच्या पोराला कुणी वेगळं शिकवत नाही. एका आजोबांनी नकाशावर काठीचं टोक ठेवून ओढा, ठाणं, मेंढरं बसवायची जागा ओळीने दाखवली. सून म्हणाली, एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. माझ्या मते या कामातलं मोठं औषध इथे आहे. आपली माहिती कुणीतरी खरी मानून लिहून घेतंय, याने माणूस ताठ बसतो.

पारध्यांच्या वस्तीवर हे जास्त जपून करा. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, शहरातला तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, संशय राहिला. तिथे वही-पेन काढलं की चौकशीला आलेत असंच वाटतं. पहिल्या भेटींत काही लिहू नका. पाखरांचं, वाटांचं त्यांचं ज्ञान अफाट आहे. ते कुणाच्या नावाने नोंदवायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

बाकी वाट कागदी आहे: ग्रामसभा, वनहक्क समिती, उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. चिकाटी लागते, पण शिकता येतं. मंगळवेढा, अक्कलकोटकडे जाणार असाल तर कामापुरती कन्नड शिका. आणि दिवाळीत मंगळवेढ्याकडच्या हुलजंती गावात महालिंगरायाची यात्रा असते, त्या दिवसांत बैठक ठेवू नका, यात्रेलाच जा.